लोडरच्या बकेटचं ब्लेड वाकलं? घण मारण्याआधी हे तपासा

उन्हाळा आला की ट्रॅक्टर लोडरला उसंत नसते. शेणखत भरायचं, मुरूम ढकलायचा, शेतात टाकलेला गाळ पसरायचा. शेवगाव, नेवासा भागात जायकवाडीच्या पाण्याकडेच्या गावांत तर पाऊस पडेपर्यंत हेच काम. नेमकं याच दिवसांत बकेटच्या तोंडाची आडवी जाड पट्टी, जिला आपण ब्लेड म्हणतो, ती वाकते. मग ट्रॅक्टर तसाच वेल्डिंगच्या दुकानात उभा करायचा, लाल करायची, घण मारायचे आणि संध्याकाळी कामावर. पंधरा दिवसांत ब्लेड पुन्हा तिथंच वाकतं, नाहीतर तडकतं. दुरुस्ती अवघड नाही, पण क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

आधी बघा, वाकलंय काय?

बरेचदा बकेट सरळच असते आणि दोष दुसरीकडे असतो. ट्रॅक्टर सपाट सिमेंटच्या जागेवर उभा करा. पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी आहे का ते बघा. एका टायरात हवा कमी असली तरी बकेटचा एक कोपरा खाली दिसतो. हवा बरोबर करून बकेट जमिनीपासून वीतभर वर धरा आणि दोन्ही बाजूंच्या पिनांची उंची जमिनीपासून टेपने मोजा. पिनांमध्येच फरक असेल तर लोडरचा हात पिळला आहे, किंवा पिना-बुश झिजलेत. अशा वेळी ब्लेडला हात लावून उपयोग नाही.

पिना ठीक असतील तर बकेट खाली टेकवून ब्लेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. कुठं किती फट पडते तिथं खडूने खूण करा. मग बकेटच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर नुसतं ब्लेड नाही, आख्खी बकेट तिरकी झाली आहे. ब्लेड पुसून उजेडात बघा, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसते का. चीर असलेलं ब्लेड सरळ करायला गेलं की ती चीरच वाढते.

पत्रा कोणता आहे, यावर सगळं अवलंबून

लोडरची बकेट बहुतेक साध्या माइल्ड स्टीलची असते, पण तोंडाचं ब्लेड कडक पोलादाचं असू शकतं. ओळखायची सोपी रीत म्हणजे कानस. ब्लेडच्या कडेला कानस घासा. कानस धरून खाते, भुगा पडतो, तर साधं स्टील. कानस नुसती घसरते, तर कडक.

साधं स्टील तापवून सरळ केलं तर चालतं. कडक ब्लेड लाल केलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं आणि त्याच जागी परत वाकतं. लाल असताना वर पाणी ओतलं तर उलटं होतं, काचेसारखं ठिसूळ होऊन तडकतं. दुकानात लवकर काम संपवायला बादलीभर पाणी मारतात, ते मारू देऊ नका. साधं स्टील असलं तरी नाही.

आपल्याकडे ट्रकच्या कमानीचा पाटा ब्लेड म्हणून लावायची पद्धत आहे. पाटा झिजत नाही हे खरं. पण ते स्प्रिंगचं पोलाद आहे, थंड पाट्यावर साध्या रॉडने टाका मारला की टाक्याच्या कडेने तडा जातो. भंगारातून आणलेल्या ग्रेडरच्या ब्लेडचंही तसंच.

सरळ करताना

शक्य असेल तर बकेट ट्रॅक्टरवरून सोडवून घ्या. नाहीच जमलं तर बकेट पूर्ण जमिनीवर किंवा जाड लाकडी ओंडक्यांवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन-तीनदा हलवून तेलाचा दाब सोडा. नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या बकेटखाली कुणीही बसायचं नाही, मिनिटभरसुद्धा नाही. पाइप फुटला किंवा पोराचा हात लिव्हरला लागला, तर खालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी लेख वाचल्याचं सार्थक.

ब्लेड मधेच वर उचललं असेल तर घणापेक्षा जॅक बरा. बकेटच्या तोंडात ब्लेडला समांतर एक जाड गर्डर किंवा जोड चॅनेल ठेवा. ब्लेडच्या दोन्ही टोकांना गर्डरसकट साखळी बांधा. गर्डर आणि ब्लेडचा वाकलेला भाग यांच्यामध्ये 20 टनी बाटली जॅक बसवा आणि हळूहळू दाब द्या. ब्लेड खाली वाकलं असेल तर गर्डर खालून लावायचा. जॅक आडवा धरावा लागला तर त्याच्या पंपाची बाजू खाली ठेवा, नाहीतर तो तेल ओढत नाही. साखळीवर भिजलेलं पोतं टाका आणि समोर उभं राहू नका, साखळी तुटली तर गोळीसारखी येते.

दाब सोडला की ब्लेड थोडं मागं येतं, म्हणून दोरीच्या रेषेपेक्षा किंचित पुढं न्यायचं. एका दमात नाही. दाबायचं, सोडायचं, दोरी लावायची, परत दाबायचं. जॅकने हलेना आणि स्टील साधं आहे अशी खात्री असेल, तरच वाकलेला भाग गॅसने गडद लाल करा, साधारण 650 ते 700 अंश. पिवळसर होऊ देऊ नका. जवळचे हायड्रोलिक पाइप सोडवून बाजूला घ्या किंवा ओल्या पोत्याने झाका.

कोपरा वळला असेल तर काम वाढतं. तिथं ब्लेडला साइडचा पत्रा जोडलेला असतो आणि दोन्ही एकमेकांना ओढतात. आधी त्या कोपऱ्यातलं जुनं वेल्डिंग वीतभर कापून दोन्ही वेगळं करा, दोन्ही सरळ करा, मग परत जोडा. न कापता ठोकत बसलं तर दिवस जातो आणि साइडच्या पत्र्याला पोक येतं.

वेल्डिंग

ट्रॅक्टरवर बकेट असताना वेल्डिंग करायचं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरच्या नवीन ट्रॅक्टरना ट्रेम 4 चे नियम लागले. त्यातल्या बहुतेकांचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं आणि तो कॉम्प्युटर जळला तर खर्च बकेटच्या कितीतरी पट. अर्थिंगचा चिमटा बकेटलाच, टाक्याच्या जवळ लावा. ट्रॅक्टरच्या चासीला लावला तर करंट पिना आणि सिलिंडरच्या दांड्यातून जातो, दांड्यावर ठिणगीचे डाग पडतात आणि पुढं सील गळायला लागतं.

चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलने छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढं धावत नाही. मग ग्राइंडरने चिरेची खाच करून दोन्ही बाजूंनी भरा. नुसता वरून लेप दिला तर महिनाभर टिकतो. रॉड 7018 घ्या आणि पाकीट तिथंच फोडायला सांगा, हा रॉड दमट झाला की टाक्यात चिरा पडतात. कडक ब्लेड किंवा पाटा असेल तर वेल्डिंगआधी दोन्ही भाग 150 ते 200 अंशांपर्यंत शेकून घ्या. टाका दोन-तीन इंचांचा, एक मधे, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका टोकाकडून सलग ओढत गेलं की सरळ केलेलं ब्लेड उष्णतेने परत वाकतं. शेवटी कोरड्या वाळूत किंवा राखेत झाकून सावकाश निवू द्या.

सरळ करायचं की बदलायचं?

ब्लेडची जाडी निम्म्यावर आली असेल, चिरा एकापेक्षा जास्त असतील, किंवा त्याच जागी आधी एकदा सरळ केलं असेल, तर माझं मत सरळ आहे: कापून टाका आणि नवीन लावा. नवीन पट्टी घेताना वजनाचा हिशेब करा. 5 फूट लांब, 100 मिलिमीटर रुंद, 12 मिलिमीटर जाड पट्टी साधारण 14 किलोची होते. 6 फूट, 150 बाय 16 ची घेतली तर 34 किलोच्या पुढं जाते. तेवढं वजन कायम लोडरच्या नाकावर राहणार, म्हणून जाड म्हणजे चांगलं असं नाही. नट-बोल्टचं ब्लेड मिळालं तर तेच घ्या, कारण दोन्ही कडांना धार असलेलं ब्लेड एक बाजू झिजली की उलटून लावता येतं.

ब्लेड वाकतं कशानं, तेही ड्रायव्हरला सांगून ठेवा. एका कोपऱ्याने बाभळीचा खुंट उपटणं, वाळलेल्या कडक जमिनीत वेगाने बकेट घुसवणं, आणि बकेट पूर्ण पालथी करून ट्रॅक्टर मागं ओढत सपाटी करणं. या शेवटच्या प्रकारात ब्लेडच्या आधी बकेट सिलिंडरचा दांडा वाकतो, आणि तो गावच्या दुकानात सरळ होत नाही. भाड्याने लोडर देत असाल तर देताना आणि घेताना दोरी लावून मोबाईलवर एकेक फोटो काढून ठेवा, नंतरची बाचाबाची वाचते.