कुलूप आणि घरची माणसं : एसई-लिनक्सच्या चाचणीची गोष्ट

आजचा इतिहास फार जुना नाही, वीसेक वर्षांपूर्वीचा आहे.

युनिक्स परंपरेतल्या संगणकात 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. जुन्या वाड्यातल्या दिवाणजीसारखा. सगळ्या चाव्या त्याच्या कमरेला. त्याच्या नावाने चालणारा एखादा प्रोग्राम चोराच्या हाती लागला, की सगळा वाडाच गेला. यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर २००० मध्ये एसई-लिनक्स ही व्यवस्था सर्वांसाठी खुली केली. प्रत्येक प्रोग्रामने नेमून दिलेल्या फाइलींनाच हात लावायचा, मग तो रूटच्या नावाने का चालेना! २००३ मध्ये ही व्यवस्था लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आली.

आता हेरांनी घडवलेलं कुलूप आपल्या दाराला कोण लावून घेईल, असं तुम्ही म्हणाल. पण त्याचा कोड वाचायला मोकळा होता. खरी अडचण निराळीच निघाली. २००४ मध्ये फेडोरा कोअर २ च्या चाचणी-आवृत्तीत ही व्यवस्था सुरू करून दिली गेली, आणि स्वयंसेवकांनी ती आपापल्या संगणकावर घेतली. नियमावली कडक होती, सगळ्या प्रणालीला कवेत घेणारी. पण माणसं संगणक किती तऱ्हांनी वापरतात, हे नियम लिहिणाऱ्याला आधी कसं कळणार? रोजची साधी कामं अडू लागली. नकारांची नोंद लॉगमध्ये होते. त्या नोंदींसह तक्रारी येत राहिल्या.

मे महिन्यात फेडोरा कोअर २ बाहेर पडली, तेव्हा व्यवस्था आत होती, पण बंद. मग ही हार झाली का? नाही. नोव्हेंबरात फेडोरा कोअर ३ आली, तिच्यात ती सुरू होती. फरक एवढाच, की आता बंधन वेब-सर्व्हरसारख्या, बाहेरच्या जगाकडे दार उघडून बसलेल्या मोजक्या सेवांवर होतं. घरची माणसं मोकळी.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. मला यात दिसतं ते असं : नियम आतून सुसंगत आहे म्हणून तो योग्य ठरत नाही. त्याच्याखाली जगणाऱ्यांनी तो वापरून पाहावा लागतो. जाचक नियम माणूस बंदच करून टाकतो, आणि न लावलेल्या कुलपाला चोर कशाला भिईल? 'आमचं काम अडतंय' ही तक्रार सुरक्षेच्या विरोधातली वाटते. खरं तर तीच सुरक्षेला जगवते.

तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर हीच व्यवस्था त्यातही आहे. तिथेही ४.३ आवृत्तीत आधी नुसती नोंद ठेवली, आणि ५.० पासून पुरती सक्ती आली. आधी ऐकायचं, मग अडवायचं. हा क्रम संगणकापुरता आहे का, ते तुम्हीच ठरवा.