टर्फ मूरवरील बडतर्फी

१५ एप्रिल २०२२ हा दिवस गुड फ्रायडेचा होता. इंग्लंडात त्या दिवशी पेढ्या आणि कचेऱ्या बंद असतात. तथापि लँकेशायर परगण्यातील बर्नली फुटबॉल क्लबाच्या मालकांनी नेमक्या त्याच दिवशी आपले व्यवस्थापक शॉन डाइच यांना पदावरून दूर केल्याचे जाहीर केले. व्यवस्थापक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिशेबाच्या वह्या उभ्या राहतात. तिकडे मात्र संघ निवडणारा, खेळाडूंना घडविणारा आणि हारजितीचा जबाब देणारा तो कर्ता पुरुष असतो. डाइच हे साडेनऊ वर्षे त्या जागी होते. प्रीमियर लीगमधील २० संघांत एवढा जुना व्यवस्थापक त्या वेळी दुसरा नव्हता.

बर्नली हे गिरण्यांचे गाव. आपल्या पणजोबांच्या काळी लँकेशायरचे जे कापड मुंबईच्या बाजारात उतरे, ते विणणारे माग ज्या गावांत चालत त्यांत हेही एक. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण १८८२ साली स्थापन झालेला क्लब आणि त्याचे टर्फ मूर हे मैदान टिकून राहिले. जेमतेम ८० हजार वस्तीच्या या गावाने १९६० साली साऱ्या इंग्लंडचे अजिंक्यपद पटकाविले. त्या वेळी क्लबाचे अध्यक्ष होते बॉब लॉर्ड, गावातलेच एक खाटीक, आणि व्यवस्थापक होते हॅरी पॉट्स. लॉर्ड मोठे हेकट गृहस्थ. त्यांनीही १२ वर्षांच्या सेवेनंतर, १९७० साली, पॉट्स यांना संघापासून दूर केलेच. मात्र त्यांना ‘महाव्यवस्थापक’ अशी पदवी देऊन वरच्या खुर्चीवर बसविले. १९७७ साली त्यांनाच पुन्हा संघ हाती घेण्यासाठी बोलावणे गेले. गावातल्या धन्याला गावातल्याच माणसाचे तोंड रस्त्यात चुकविता येत नाही, हेही त्यामागे असेल.

डाइच ऑक्टोबर २०१२ मध्ये आले. २०१४ साली त्यांनी संघाला वरच्या श्रेणीत नेले आणि पुढच्याच वर्षी तो खाली घसरला. येथे क्षणभर थांबावयास हवे. कारण अशा वेळी व्यवस्थापकाची गच्छंती ठरलेली असते. परंतु तत्कालीन संचालकांनी त्यांना हात लावला नाही. फळ काय मिळाले? २०१६ साली खालच्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवून संघ परत वर आला. आणि २०१८ साली सातवा क्रमांक पटकावून ५१ वर्षांनी युरोपातील स्पर्धेत उतरला.

मग २०२२ साली तोच धीर का धरवला नाही? डिसेंबर २०२० मध्ये एएलके कॅपिटल या अमेरिकन मंडळाने क्लब विकत घेतला; ॲलन पेस अध्यक्ष झाले. खरेदीच्या पैशातला मोठा भाग कर्जाचा होता आणि त्याचा बोजा तोवर ऋणमुक्त असलेल्या क्लबाच्याच शिरी आला. संघ खाली घसरला तर कर्जाचा बराच भाग लवकर फेडावा लागणार होता. २०१५ साली घसरण म्हणजे एक वाईट वर्ष होते. आता ती सावकाराची नोटीस ठरणार होती. सप्टेंबर २०२१ मध्ये याच मालकांनी डाइच यांच्याशी २०२५ पर्यंतचा नवा करार केला होता. तो सात महिनेच टिकला.

मालकांची बाजूही सांगितली पाहिजे. ३० सामन्यांत अवघे चार विजय, गुण २४, आणि सुरक्षित जागा चार गुणांनी दूर, अशी संघाची अवस्था होती. सामने उरले होते आठ. डाइच यांच्या जागी क्लबातीलच माइक जॅक्सन यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली आणि पहिल्या चार सामन्यांत संघाने दहा गुण मिळविले! मालकांचे डोके किती अचूक, असे तेव्हा लोक म्हणू लागले. पुढील चार सामन्यांत मात्र एकच गुण पदरी पडला. परीक्षा तोंडावर आली असता वर्गाचा शिक्षक बदलल्याचे मी माझ्या नोकरीत एकदा पाहिले आहे. पहिला आठवडा मुले नव्या उत्साहाने धडे घोकतात, आणि मग जे येत नव्हते ते येत नाहीच. २२ मे रोजी न्यूकॅसलकडून घरच्याच मैदानावर २-१ असा पराभव झाला, लीड्सने तिकडे आपला सामना जिंकला आणि बर्नली खाली गेला.

डाइच असते तर तरला असता काय? अकरा गुण त्यांनीही मिळविले असते, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. पण वाचवावयाची होती ती श्रेणी गेली आणि माणूसही गेला, एवढे खरे.

बर्नली २०२३ साली व्हिन्सेंट कोंपनी यांच्या हाताखाली परतला. डाइच तोवर एव्हर्टनला गेले होते. तो बुडता संघ त्यांनी त्याच वर्षी मोसमाच्या अखेरच्या दिवशी वाचविला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथेही नवे अमेरिकन मालक आले. तीन आठवड्यांनी, ९ जानेवारी २०२५ रोजी, संध्याकाळच्या सामन्याला काही तास उरले असता डाइच यांना निरोप देण्यात आला.