पाणी, धान्य, ऋतू आणि कायदा : जगातील अभिजात बिअर-प्रकारांचा इतिहास आणि औरंगाबादचा अनुभव

प्रस्तावना

इतिहासलेखनात अन्नाला उशिरा स्थान मिळाले आणि मद्याला त्याहूनही उशिरा. मराठीत मद्याविषयी जे लेखन झाले ते मुख्यत्वे व्यसनमुक्तीच्या भूमिकेतून झाले. त्या लेखनाचे सामाजिक मोल वादातीत आहे. तथापि, एखादे पेय विशिष्ट प्रदेशात विशिष्ट रूपातच का घडले, त्यामागे कोणते पाणी, कोणते धान्य आणि कोणते कायदे होते, हा इतिहासाचा स्वतंत्र प्रश्न आहे. या दृष्टीने बिअर हे अभ्यासाचे उत्तम साधन ठरते, कारण तिचे घटक मोजके आहेत आणि तिच्यावर राज्यसंस्थेची नजर सातत्याने राहिली आहे.

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे महाराष्ट्रातील बिअर उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. शहराच्या पश्चिमेस, छावणीला लागून, दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर पडेगाव वसले आहे. तेथून दक्षिणेस काही किलोमीटरवर वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच प्रदेशात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असलेले हे पेय मोठ्या प्रमाणावर तयार होते. ही विसंगती केवळ वृत्तपत्रीय चर्चेचा विषय न राहता तिचा ऐतिहासिक संदर्भात विचार व्हावा, या हेतूने प्रस्तुत शोधनिबंध लिहिला आहे.

उद्दिष्टे

१) जगातील काही अभिजात बिअर-प्रकारांच्या जडणघडणीमागील भौगोलिक व कायदेविषयक कारणे शोधणे.
२) भारतात व विशेषतः महाराष्ट्रात या प्रकारांचे काय झाले याचा आढावा घेणे.
३) औरंगाबादच्या बिअर उद्योगाचा व मराठवाड्यातील पाणीप्रश्नाचा परस्परसंबंध तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

बिअरचा प्रकार हा कारागिराच्या प्रतिभेपेक्षा स्थानिक पाणी, धान्य, ऋतू आणि कायदा यांच्या मर्यादांतून घडतो, हे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा उपयोग केला आहे.

१. पाण्याने घडवलेले प्रकार

सातूला मोड आणून तो वाळवला की माल्ट तयार होते. माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातील पिष्टाची साखर करायची, तो गोड अर्क हॉप्सच्या फुलांसह उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या साहाय्याने आंबवायचा, ही बिअरनिर्मितीची मूळ प्रक्रिया होय. पिष्टाची साखर होण्यासाठी मिश्रणाची आम्लता विशिष्ट मर्यादेत असावी लागते आणि ती पाण्यातील क्षारांवर अवलंबून असते. रसायनशास्त्राने हे स्पष्ट करण्यापूर्वी शतकानुशतके कारागिरांना ते अनुभवाने ठाऊक होते.

म्युनिक, लंडन आणि डब्लिन येथील पाण्यात कार्बोनेटी क्षार अधिक. अशा पाण्यात फिकट माल्टपासून चांगली बिअर होत नाही. मात्र गडद भाजलेले माल्ट स्वतः आम्लधर्मी असल्याने ते पाण्याचा अल्कधर्म कमी करते. म्हणूनच म्युनिकची गडद लागर, अठराव्या शतकातील लंडनची पोर्टर आणि डब्लिनची स्टाउट हे तिन्ही प्रकार काळसर आहेत. पोर्टरला नाव मिळाले ते लंडनमधील ओझी वाहणाऱ्या हमालांवरून. ते तिचे प्रमुख ग्राहक होते. इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंट येथील विहिरींत जिप्समचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा तेथे स्वच्छ व तीक्ष्ण उतरत असे आणि फिकट पेल एलसाठी ते गाव प्रसिद्धीस आले. याउलट बोहेमियातील पिल्सेनचे पाणी अत्यंत मृदू. तेथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने फिकट माल्ट व झाटेत्सचे हॉप्स वापरून सोनेरी रंगाची लागर तयार केली. हीच पिल्सनर होय. आज जगभर ‘बिअर’ म्हणून जे पेय डोळ्यांपुढे येते ते बहुतांशी तिचेच वंशज आहे.

२. धान्य, ऋतू आणि कायदा

पाण्याइतकाच कायद्याचा प्रभाव दिसतो. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकनी इंगोलश्टाट येथे बिअरसाठी केवळ सातू, हॉप्स व पाणी वापरण्याचा आदेश काढला. त्याचा उल्लेख ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून गौरवाने होतो. परंतु त्यात बिअरचे दरही बांधून दिले होते. गहू व राय ही धान्ये पावासाठी राखली जावीत, हाही त्यामागचा विचार मानला जातो. दुसरीकडे, गव्हाची बिअर तयार करण्याचा हक्क आधी एका सरदार घराण्याला आणि १६०२ पासून खुद्द राजघराण्याला राहिला. तात्पर्य, धान्य भाकरीचे की मद्याचे, हा प्रश्न पाच शतकांपूर्वीही राज्यसंस्थेपुढे होता.

१५५३ चा बव्हेरियन आदेश याहून अधिक महत्त्वाचा आहे. त्यान्वये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर तयार करण्यास मनाई करण्यात आली. उन्हाळ्यात बिअर नासत असे आणि भट्ट्यांमुळे आगीचा धोका असे. परिणामी वसंतापूर्वी तयार केलेली बिअर थंड तळघरांत साठवून उन्हाळाभर पुरवण्याची रीत दृढ झाली. ‘लागर’ या नावाच्या मुळाशी ‘साठवणे’ हाच अर्थ आहे. थंडीत सावकाश आंबणाऱ्या यीस्टला या रीतीने वाव मिळाला. ऋतूचे बंधन उद्योगाच्या मुळावर आले नाही. जगातील सर्वाधिक खपाचा बिअर-प्रकार त्याच बंधनाच्या आश्रयाने वाढला. बेल्जियममधील सेन नदीच्या खोऱ्यातील लॅम्बिक ही बिअरही हवेतील जंतूंवर आंबते आणि परंपरेने थंडीच्या महिन्यांतच तयार केली जाते.

करपद्धतीचाही ठसा असाच उमटलेला दिसतो. ब्रिटनमध्ये १८८० पर्यंत माल्टवर कर होता. तो रद्द होऊन कर अर्काच्या घनतेवर आल्यावर माल्ट न केलेली धान्ये वापरणे ब्रुअरींना सोयीचे झाले. बेल्जियममध्ये १९१९ च्या कायद्याने सार्वजनिक मद्यालयांतून तीव्र ऊर्ध्वपातित मद्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि तेथील तीव्र बिअर-प्रकारांना त्यामुळे मोठे उत्तेजन मिळाले. हे उदाहरण महाराष्ट्राच्या संदर्भात पुढे उपयोगी पडेल.

३. भारताकडे आलेली बिअर

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील बो येथील जॉर्ज हॉजसन यांची फिकट व हॉप्सयुक्त बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून भारतात येऊ लागली. केप ऑफ गुड होपला वळसा घालणारा हा प्रवास कित्येक महिन्यांचा असे. १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑल्सप यांनी या व्यापारात प्रवेश केला आणि पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले. भारताचे नाव धारण करणारा हा प्रकार भारतात तयार होत नव्हता व भारतीयांसाठीही नव्हता. तो अधिकारी व व्यापारी वर्गाचा होता. गोऱ्या शिपायांच्या बराकींत पोर्टरच अधिक चाले.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडवर्ड डायर यांनी कसौली येथे ब्रुअरी उभारली. पुढे सोलन, मरी, निलगिरी, बंगळूर अशा थंड हवेच्या व छावण्यांच्या ठिकाणी ब्रुअरी निघाल्या. १९१५ मध्ये दक्षिणेतील पाच ब्रुअरी एकत्र येऊन युनायटेड ब्रुअरीज स्थापन झाली. ही ठिकाणे पाहता एक गोष्ट लक्षात येते : यंत्राने थंडावा निर्माण करणे सुलभ होईपर्यंत बिअरला डोंगर व गोरी छावणी या दोहोंची गरज होती. औरंगाबादला छावणी होती; परंतु ती निजामाच्या खर्चाने पोसलेल्या हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे देशी शिपाई व मोजके ब्रिटिश अधिकारी असलेल्या दलाची होती. त्यामुळे या शहरातील बिअर उद्योगाचे मूळ छावणीत शोधता येत नाही.

४. देशी आंबवण परंपरा आणि अबकारी

बिअर नवी असली तरी आंबवलेली पेये महाराष्ट्राला नवी नव्हती. मोहाची दारू, माडी व शिंदी ही त्यांची परिचित रूपे होत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळपाचे केंद्रीकरण झाले, झाडांवर कर बसला आणि स्थानिक उत्पादनावर नियंत्रण आले. १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व व्यापारावर निर्बंध घातले. पिल्सेन किंवा सेनच्या खोऱ्यात स्थानिक पेयाला शहराचे व प्रदेशाचे नाव मिळाले; येथे स्थानिक पेय एकतर महसुलाचे साधन झाले किंवा गुन्हा ठरले. सुधारण्यास, नोंदले जाण्यास, प्रतिष्ठा मिळवण्यास त्याला अवकाशच उरला नाही.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी वाढत्या दारूगुत्त्यांना विरोध केला होता. तेव्हापासून ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानापर्यंत महाराष्ट्रात मद्यविरोधाची परंपरा अखंड आहे आणि तिचा भार प्रामुख्याने श्रमिक स्त्रियांनी उचलला आहे. मद्याचा कोणताही इतिहास ही बाजू वगळून लिहिता येणार नाही.

५. औरंगाबाद : पाण्याविना पाण्याचा उद्योग

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आजचे शहर, मुळातच पाण्याच्या योजनेवर उभे राहिले. नहर-ए-अंबरीने उत्तरेकडील डोंगरांचे पाणी भूमिगत नळांतून शहरात आणले. पाणचक्की त्याच परंपरेची साक्ष देते. पुढे शहराची तहान वाढली आणि तिचे उत्तर पैठणला शोधले गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने चिकलठाणा व नंतर वाळूज येथे वसाहती विकसित केल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे ब्रुअरी आल्या. फॉस्टर्सची भारतातील ब्रुअरी येथेच होती. २००६ मध्ये ती सॅबमिलरकडे गेली. कार्ल्सबर्ग व युनायटेड ब्रुअरीज यांचे उत्पादनही या परिसरात होते.

या उद्योगाचे स्वरूप पूर्वीच्या उदाहरणांहून भिन्न आहे. पाणी सुमारे पन्नास किलोमीटरवरून उपसून येते व प्रक्रियेने त्याचे क्षार हवे तसे बदलले जातात. सातू मराठवाड्यात पिकत नाही. तो मुख्यतः राजस्थान, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतो. हॉप्स बहुतांशी परदेशी असतात. थंडावा यंत्राचा आहे. म्हणजेच, ज्या चार मर्यादांनी जगातील प्रकार घडवले त्यांपैकी तीन येथे तंत्रज्ञानाने दूर केल्या. उरला तो कायदा, आणि त्याचा ठसा स्पष्ट उमटला. भारतात खपणारी बहुतांश बिअर ‘स्ट्राँग’ असते. २०१८ च्या राष्ट्रीय मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली ‘रेग्युलर’ आणि ५ ते ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ होय. करांनी किंमत वाढते, परवान्यांनी विक्रीकेंद्रे मर्यादित होतात आणि ग्राहक खर्चलेल्या रुपयाच्या मोबदल्यात तीव्रता मोजतो. बेल्जियमप्रमाणेच येथेही कायद्याने तीव्रतेला उत्तेजन दिले; फरक इतकाच, की तेथे त्यातून वैविध्य वाढले आणि येथे एकसाचीपणा आला. पुण्यात २००९ पासून सुरू झालेल्या लघुब्रुअरींनी गव्हाची बिअर, कोकमाची एल असे प्रयोग केले आहेत. परंतु ते शहरी व मर्यादित वर्गापुरते आहेत.

६. एप्रिल २०१६

२३ एप्रिल २०१६ रोजी बव्हेरियन कायद्याला पाचशे वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले. मराठवाड्यात मात्र तो एप्रिल निराळा होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठा वापरात आला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी ५० टक्के व १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठी हे प्रमाण बरेच कमी होते.

या आदेशावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. उद्योगांच्या मते त्यांचा वाटा एकूण वापरात अल्प होता आणि रोजगार व महसूल त्यावर अवलंबून होता. हे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा उसाकडे जातो, हे सर्वज्ञात आहे. परंतु वाटा अल्प असणे आणि प्राधान्य असणे या भिन्न गोष्टी होत. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला स्थान होते व शेती तिसरी होती. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेती दुसरी करण्यात आली. कागदावरचा हा क्रम दुष्काळात प्रत्यक्षात उतरवण्यासाठी न्यायालयात जावे लागले, ही खरी चिंतेची बाब आहे. शिवाय बिअरची मागणी एप्रिल ते जून या काळात सर्वाधिक असते आणि धरण सर्वांत रिकामे तेव्हाच असते.

निष्कर्ष

१) अभिजात बिअर-प्रकार हे स्थानिक मर्यादांचे अपत्य होते. पाण्याचे क्षार, धान्याची उपलब्धता, ऋतू व कर यांनी त्यांचा रंग, चव व तीव्रता ठरवली.
२) वसाहतकालीन अबकारी धोरणामुळे महाराष्ट्रातील देशी आंबवण परंपरेला विकसित होण्याची संधी मिळाली नाही आणि बिअर आली ती आयात संस्कृती म्हणून.
३) औरंगाबादच्या उद्योगाने पाणी, धान्य व ऋतू यांच्या मर्यादा तंत्रज्ञानाने ओलांडल्या, त्यामुळे त्याच्या उत्पादनावर प्रदेशाची खूण उरली नाही, परंतु प्रदेशाच्या पाण्यावर भार मात्र पडला.
४) १५५३ च्या बव्हेरियन आदेशाचा अनुभव असा, की ऋतुबंधनाने उद्योग नष्ट होत नाही, तो नियोजन शिकतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा ठरावीक पातळीखाली गेल्यास उन्हाळी उत्पादनात आपोआप कपात होईल, असा पूर्वघोषित नियम केल्यास उद्योगाला हिवाळ्यात उत्पादन व साठवणीचे नियोजन करता येईल. शीतगृहांचा खर्च वाढेल हे खरे. तथापि तो खर्च टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी सोसण्यापेक्षा उत्पादकांनी सोसणे अधिक न्याय्य होय.
५) असा नियम केवळ ब्रुअरींना लावून प्रश्न सुटणार नाही. ऊस व इतर मोठ्या वापरांनाही तीच पूर्वघोषित शिस्त लागू झाली, तरच पाण्याचा प्राधान्यक्रम दर दुष्काळात न्यायालयात नव्याने मांडावा लागणार नाही.