यंत्रे किती, हे ठरवायचे कोणी?

सर्व्हर सांभाळण्याच्या व्यवसायाचा इतिहास बहुधा एकाच चालीवर सांगितला जातो. आधी माणसे हाताने कमांड टाइप करत, मग त्यांनी स्क्रिप्ट लिहिल्या, आणि पुढे सगळी यंत्रणाच कोडमध्ये मांडली जाऊ लागली. यात खोटे काही नाही, पण कथा हातांच्या श्रमाभोवतीच फिरत राहते आणि अधिकाराचा प्रश्न बाजूला पडतो. यंत्रे किती असावीत हा आकडा कोण ठरवत होते? क्लाउडपूर्व काळात सर्व्हर मागवायचा म्हणजे अंदाजपत्रक, मंजुरी, खरेदी, रॅकमध्ये बसवणे अशी आठवड्यांची वाट असे. त्यामुळे वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधून यंत्रे घेतली जात आणि उरलेले दिवस त्यांतली बरीचशी रिकामी फिरत. आकडा सुचवणारा अभियंता असला, तरी ठरवणारा खरेदी विभागच. आपोआप वाढणाऱ्या-घटणाऱ्या सर्व्हर-गटांचा इतिहास हा या अधिकाराच्या हस्तांतरणाचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

कोडची बाजू आधी तयार झाली. १९९३ मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने सीएफइंजिन लिहिले. यंत्राने काय करावे याची पायरीपायरीची आज्ञा न देता, यंत्र शेवटी कोणत्या स्थितीत असावे एवढेच त्यात सांगायचे. यंत्रावरचा कार्यक्रम ठरावीक काळाने प्रत्यक्ष स्थिती तपासतो, बिघडलेले तेवढे दुरुस्त करतो, आणि सगळे ठीक असेल तर काहीच करत नाही. २००५ मध्ये पपेट आणि २००९ मध्ये शेफ हीच वाट पुढे घेऊन गेले. या साधनांनी यंत्राच्या आत काय असावे ते नेमके लिहायला शिकवले. पण यंत्रे स्वतः आधीच कुठेतरी उभी आहेत, हे त्यांनी गृहीत धरले होते. संख्या या भाषेच्या बाहेरच राहिली. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ईसीटू आणले आणि तासाला १० सेंट दराने सर्व्हर भाड्याने देऊ केला, तेव्हा तो एका विनंतीसरशी मिळू लागला आणि संख्या लिहिण्याजोगी झाली.

एप्रिल २००८ मध्ये ॲनिमोटो या छोट्या कंपनीचे व्हिडिओ बनवणारे ॲप फेसबुकवर एकाएकी चालले आणि काही दिवसांत तिचे ईसीटूवरचे सर्व्हर सुमारे ५० वरून साडेतीन हजारांच्या आसपास गेले. हे राइटस्केल या तिसऱ्या कंपनीच्या साधनातून घडले. ॲमेझॉनची स्वतःची ऑटोस्केलिंग सेवा मे २००९ मध्ये आली. या सेवेत गटाला तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सध्या अपेक्षित. पहिले दोन माणूस ठरवतो. तिसरा भार मोजून नियम हलवतो. २०११ मध्ये क्लाउडफॉर्मेशनने आणि जुलै २०१४ मध्ये हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मने हे गट मजकुराच्या फाइलीत आणले.

दोन परंपरा, लिहिलेल्या स्थितीची आणि मोजून हलणाऱ्या आकड्याची, इथे एकमेकींवर आदळल्या. कोडमध्ये अपेक्षित संख्या ४ लिहिली आहे असे समजा. संध्याकाळच्या गर्दीत नियमाने ती ९ केली. त्याच वेळी कोणीतरी भलत्याच बारीक बदलासाठी टेराफॉर्म चालवतो. टेराफॉर्मच्या दृष्टीने लिहिलेले ४ हेच खरे, म्हणून ९ ही चूक. ऐन गर्दीत ते पाच सर्व्हर काढायला निघते. यावरचा उपाय फार बोलका आहे. अपेक्षित संख्या लिहायचीच नाही, किंवा ‘या रकान्यातल्या बदलांकडे दुर्लक्ष कर’ असे कोडमध्ये स्पष्ट नोंदवायचे. कार्यक्रमांच्या प्रती अनेक यंत्रांवर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या कागदपत्रांतही आपोआप वाढीची सोय वापरताना प्रतींची संख्या फाइलीतून काढून टाकण्याचा सल्ला आहे. सगळे काही लिहून ठेवण्यासाठी जन्मलेल्या साधनाला ‘हे मी ठरवणार नाही’ असे लिहिण्याची जागा करावी लागली. माणसाच्या हाती उरल्या त्या मर्यादा. त्यांतली कमाल मर्यादा दिसायला तांत्रिक असली तरी मुळात पैशाची आहे: तासाचा दर गुणिले तो आकडा, एवढा खर्च मंजूर. पूर्वी ज्यावर लेखा विभागाची सही लागे, ते आता सहकाऱ्याने कोड तपासून ‘ठीक आहे’ म्हटले की पार पडते. हा बदल किती कंपन्यांनी जाणूनबुजून केला असेल, याची मला शंकाच आहे.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? मोजमापावरून स्वतःला आवरणारे यंत्र वाफेच्या इंजिनाइतके जुने आहे. खरे आहे. पण वॅटच्या नियंत्रकाने वाफ कमी-जास्त केली. नवी इंजिने विकत घेतली नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मुंबईच्या हॉटस्टार या व्हिडिओ मंचाकडून येतो. जुलै २०१९ मध्ये मँचेस्टरला झालेला भारत-न्यूझीलंड क्रिकेट विश्वचषक उपांत्य सामना या मंचावर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक पाहत होते. ॲमेझॉनच्या तयार ऑटोस्केलिंगवर आपण विसंबलो नाही, हे तिथल्या अभियंत्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. नवा सर्व्हर उभा राहून कामाला लागेपर्यंत प्रेक्षक लाखांनी वाढलेले असतात. शिवाय धोनीसारखा खेळाडू बाद झाला की लोक व्हिडिओ सोडून मुखपृष्ठावर परततात. एकूण गर्दी ओसरत असतानाच मुखपृष्ठामागच्या सेवांवर भार चढतो. म्हणून त्यांनी प्रेक्षकसंख्येच्या प्रत्येक टप्प्याला किती सर्व्हर हवेत याची शिडी आधीच बांधून ठेवली. मग आकडा पुन्हा माणसाच्या हाती आला का? तसे वाटत नाही. शिडी हाही लिहिलेला नियमच आहे. फक्त तो प्रोसेसरचा भार पाहण्याऐवजी प्रेक्षक मोजतो, आणि त्यासाठी कोणाला वर्षभर आधी यंत्रे विकत घ्यावी लागत नाहीत.

मात्र या उदाहरणापुढे माझ्या म्हणण्याला एक मुरड घालावी लागते. शिडीवरचे सर्व्हर शेवटी कुठून तरी यावे लागतात. ॲमेझॉनचा मुंबई विभाग, म्हणजे तिथल्या डेटा केंद्रांचा समूह, जून २०१६ मध्ये सुरू झाला. तो कितीही मोठा असला तरी शेवटी इमारतींत ठेवलेली मोजकी यंत्रे आहेत, आणि हव्या त्या प्रकारची क्षमता शिल्लक नाही असे उत्तर तिथून येऊ शकते. कोडमधली कमाल संख्या ही आपली परवानगी आहे; पुरवठ्याची हमी नव्हे. म्हणजे खरेदी विभाग नाहीसा झालेला नाही. तो क्लाउड कंपनीच्या आत गेला, आणि पुढच्या गर्दीचा अंदाज बांधण्याचे जुने काम तिथे चालूच आहे. २०१८ पासून ॲमेझॉन क्षमता आगाऊ राखून ठेवण्याची सोयही देते. राखलेली यंत्रे वापरली नाहीत तरी त्यांचे भाडे चुकत नाही. अशी राखीव क्षमताही टेराफॉर्ममध्ये लिहिता येते, आणि तिथे यंत्रांच्या संख्येचा रकाना रिकामा सोडून चालत नाही.