मध, मोह आणि माधुकरी

मोहाच्या झाडाला मोह का म्हणतात, असं विचारलं तर पुष्कळ जण मोह पडण्याकडे बोट दाखवतात. तो मोह वेगळा. झाडाचं नाव आलं संस्कृत ‘मधूक’वरून, प्राकृतातल्या ‘महुअ’मार्गे. प्राकृतात दोन स्वरांच्या मधला ‘ध’ झिजून ‘ह’ होतो. तसा मधुचा ‘महु’ झाला. मोहोळात ऐकू येतो तो हाच महु. आपल्या रोजच्या ‘मध’ शब्दात मात्र ‘ध’ शाबूत राहिला, कारण तो संस्कृताच्या वळचणीला राहिला. मोह आणि मोहोळ रानात, बोलीत झिजत गेले.

ऋग्वेदात मधु म्हणजे नुसता मध नव्हे. गोड पेय, सोमरससुद्धा मधुच. दूरच्या सोयऱ्यांकडेही हा दुपेडी अर्थ सापडतो: रशियनमधला ‘म्योद’ म्हणजे मध आणि मधाची दारूही, तर इंग्रजीतलं ‘मीड’ फक्त दारूपुरतं उरलं. पाणी मिसळून ठेवलेला मध आंबतो, हे माणसाला फार लवकर कळलं असणार. आपल्याकडे ही जुनी जोडी मोहाच्या झाडानं सांभाळली. त्याची फुलं गोड, आणि त्याच फुलांची दारू.

पोळ्यातलं मेणही शब्द म्हणून पाहण्यासारखं आहे. संस्कृतात मेणाला ‘मदन’ असं एक नाव आहे. त्याचं मयण, मयणाचं मेण.

या कुळातला माझा सर्वांत आवडता शब्द मात्र ‘माधुकरी’. मधुकर म्हणजे भुंगा, मधमाशी. त्याच्यासारखं घरोघर फिरून मागितलेलं शिजलेलं अन्न ती माधुकरी. झोळी घेतलेला विद्यार्थी एका दारी भाताची मूद घेई, दुसऱ्या दारी पोळी. कुठल्याच घरच्या चुलीवर भार पडत नसे. ज्यानं हा शब्द घडवला त्यानं माशीला फुलावर नीट पाहिलं होतं. ती एका फुलातून इवलासा मकरंद घेते आणि पुढच्या फुलाकडे जाते. जाताना अंगाला लागलेले परागकण तिथे पोचवते.

मकरंद आणि मध हे दोन शब्द मराठीनं वेगळे ठेवले, हे फार चांगलं झालं. मकरंद फुलाचा, मध माशीचा. पोटातल्या वेगळ्या पिशवीतून आणलेला मकरंद ती पोळ्यातल्या माश्यांच्या तोंडी देते. तोंडोतोंडी फिरताना त्यात पाचक रस मिसळतात, साखरेची फोड होते. मग तो घरांमध्ये पसरून माश्या पंखांनी वारा घालत राहतात. मकरंदात बहुधा निम्म्याहून अधिक पाणी असतं. मधात ते 20 टक्क्यांच्या आसपास येतं, तेव्हा घरावर मेणाचं झाकण बसतं. मध वर्षानुवर्षं टिकतो तो या मेहनतीमुळे, आणि त्याची किंमतही तिच्यातच आहे असं मला वाटतं.

सह्याद्रीतली माणसं माशीलाही तिच्या स्वभावाप्रमाणे हाक मारतात. कड्याखाली एकच मोठं उघडं पोळं लटकवणारी, डंखानं आग पेटवणारी ती आग्या. झुडपात छोटंसं पोळं करणारी फुलोरी. ढोलीच्या अंधारात एकामागे एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. अंधार चालतो म्हणूनच ती पेटीत नांदते. महाबळेश्वर भागातले मधपाळ पेट्यांत पाळतात ती हीच. शेजारच्या मांघरला 2022मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं गेलं.

नुसतं ‘शुद्ध मध’ लिहिलेली बरणी मला मुकी वाटते. महाबळेश्वरकडे मधाला फुलाचं नाव लागतं: जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा. जांभळाचा मध काळपट, शेवटी किंचित तुरट लागतो. तो चाखला की नाव बरोबर असल्याची खात्री पटते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्यामुळे ‘कारवीचा मध’ हे शब्द तिथल्या पेठेत तेवढ्याच हंगामापुरते कानावर येतात.