खगोल मंडळातील आठवड्याचे कोडे

महाविद्यालयातील खगोल मंडळ म्हटले की गच्चीवर मांडलेली दुर्बीण आणि तिच्यापुढे लागलेली रांग असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ही दुर्बीण वर्षातील बराच काळ पेटीत बंद असते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश ढगांच्या ताब्यात असते आणि उरलेल्या महिन्यांत परीक्षा व शहराचा झगमगाट आड येतो. अशा वेळी मंडळ जिवंत ठेवण्याचे काम करतात ते व्याख्याने, प्रयोग आणि फलकावर लागणारे आठवड्याचे कोडे.

हौशी अभ्यासाची परंपरा

महाराष्ट्रात हौशी खगोल अभ्यासाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली. १९७७ मध्ये मुंबईत वरळीला नेहरू तारांगण उभे राहिले. १९८५-८६ मधील हॅलेच्या धूमकेतूने अनेक तरुणांना आकाशाकडे वळवले आणि त्याच सुमारास मुंबईत ‘खगोल मंडळ’ सुरू झाले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आयुका’ने शाळकरी मुलांसाठी आपली दारे खुली ठेवली. ‘आयआयटी मुंबई’तील विद्यार्थ्यांचे ‘कृत्तिका’ हे मंडळही याच वाटेवरचे.

वर्षभराचा कार्यक्रम

पावसाळा सरला की आकाशदर्शनाचा हंगाम सुरू होतो. अमावास्येच्या जवळचा शनिवार गाठून मुंबईकर निरीक्षक वांगणी-नेरळच्या परिसरात रात्र काढतात. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतील उल्कावर्षाव मोजला जातो. मार्चच्या अखेरीस एका रात्रीत मेसियरच्या यादीतील ११० तेजोमेघ, तारकागुच्छ व दीर्घिकांपैकी जास्तीत जास्त शोधण्याची शर्यत लागते. दिवसा करता येणारे प्रयोगही आहेत. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मुंबई-पुण्यात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैचा शून्य सावली दिवस बहुधा ढगांत हरवतो, म्हणून मे महिन्यातला साधून घ्यावा लागतो.

कोडे कसे असावे?

‘सर्वांत मोठा ग्रह कोणता?’ हा प्रश्न झाला, कोडे नव्हे. त्याचे उत्तर शोधयंत्र क्षणात देते. चांगल्या कोड्याला पाठांतर पुरत नाही. सूर्य, पृथ्वी व चंद्र यांची मांडणी कागदावर काढून पाहावी लागते. सोमवारी कोडे लावावे, शनिवारी उत्तर सांगावे आणि उत्तरापेक्षा कारणाला अधिक गुण द्यावेत, ही पद्धत सोयीची ठरते. पुढील चार नमुने पाहावेत.

१. एका कथेत गणेश चतुर्थीच्या मध्यरात्री नायक चंद्राकडे पाहत बसतो. चूक कोठे आहे? शुक्ल चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या मागोमाग मावळतो आणि रात्री साधारण नऊच्या सुमारास दिसेनासा होतो. याउलट संकष्टीला, म्हणजे कृष्ण चतुर्थीला, तो साधारण त्याच सुमारास उगवतो. उपवास सोडण्यासाठी चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरात या कोड्याचे निम्मे उत्तर आधीच ठाऊक असते.

२. आज रात्री दहा वाजता डोक्यावर असलेला तारा महिन्यानंतर त्याच वेळी कोठे असेल? तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. महिन्याला हा फरक दोन तासांचा होतो, म्हणून तारा ३० अंश पश्चिमेकडे सरकलेला असेल.

३. कृष्ण अष्टमीचा अर्धचंद्र आज जेथे आहे, तेथे पृथ्वी किती वेळात पोहोचेल? या तिथीस चंद्र पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वाटेवर पुढे असतो. अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर आणि पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. भागाकार केल्यास उत्तर साडेतीन तासांच्या आसपास येते. पृथ्वीच्या वेगाची कल्पना देणारे याहून सोपे गणित क्वचितच सापडेल.

४. दोन काठ्या आणि दूरध्वनी यांच्या साहाय्याने पृथ्वीचा घेर मोजता येईल काय? एकाच दिवशी मुंबईत व पणजीत काठीची सर्वांत लहान सावली मोजावी. त्यावरून निघणाऱ्या सूर्याच्या कोनांत सुमारे ३.६ अंशांचा फरक येतो आणि दोन्ही शहरांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक मांडले की ४०,००० किलोमीटर मिळतात. इरॅटोस्थेनिसने ही युक्ती बावीसशे वर्षांपूर्वी वापरली होती.

कोड्यांचे मोल

गुणपत्रिकेत या उपक्रमाची नोंद होत नाही. तरीही त्याचे मोल मोठे आहे. ग्रहणात शिजवलेले अन्न टाकावे काय, असे घरात विचारले गेले, तर ग्रहण म्हणजे केवळ सावली, हे कागदावर स्वतः मांडून पाहिलेला विद्यार्थी शांतपणे समजावू शकतो. सूर्यग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, यामागचे कारणही तो सांगतो. नेत्रपटलावर सूर्याचा प्रकाश एकवटून इजा होते, तीही वेदना न जाणवता. भीतीच्या जागी सावधगिरी येते ती अशी. ज्यांची गोडी वाढते, त्यांना होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या खगोल ऑलिंपियाडची वाट खुली असते. आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाड २०१६ मध्ये भुवनेश्वरला आणि २०२५ मध्ये मुंबईत झाले.

विद्यार्थी मंडळांची खरी अडचण वेगळीच आहे. दर दोन-तीन वर्षांनी जाणते सदस्य शिक्षण संपवून बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर अनुभवही जातो. म्हणून कोडी, उत्तरे आणि निरीक्षणांच्या नोंदी एका वहीत तारीखवार उतरवून ठेवणे अगत्याचे. दुर्बीण बिघडली तर दुरुस्त करता येते. नव्या तुकडीला मात्र या वहीवाचून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.