वनस्पति-बाष्पक

वनस्पति-बाष्पक : वाळलेली वनस्पती न जाळता ठराविक तापमानापर्यंत तापवून तिच्यातील बाष्पनशील द्रव्ये श्वासावाटे घेण्याचे साधन. चिलीम, विडी किंवा सिगारेट यांत वनस्पती प्रत्यक्ष पेटते. झुरका घेताना सिगारेटच्या निखाऱ्याचे तापमान सु. ९००° से.पर्यंत चढते आणि ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, डांबर व इतर अनेक घातक पदार्थ निर्माण होतात. बाष्पकात तापमान साधारणतः २१०° से.च्या आत राखले जाते. त्यामुळे सुगंधी तेले व औषधी द्रव्ये वाफेच्या रूपाने सुटतात. परंतु वनस्पतीचे तंतू जळत नाहीत. उष्णता विजेने किंवा ब्यूटेन वायूने पुरवितात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ब्यूटेनवर चालणाऱ्या बाष्पकांचा विचार केला आहे. या साधनाचा इतिहास हा धुरावाचून वनस्पतीचा गुण मिळविण्याच्या दीर्घ प्रयत्नांचा इतिहास आहे. प्रत्येक टप्प्यावर नवे साधन निर्धोक असल्याची समजूत रूढ झाली आणि प्रत्येक वेळी ती अंशतःच खरी ठरली.

प्राचीन पद्धती : तप्त दगडांवर वनस्पती टाकून तिची वाफ घेण्याची रीत फार जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात सिथियन लोकांच्या चालीचे वर्णन केले आहे. अंत्यविधीनंतर हे लोक तीन काठ्यांवर लोकरीचे नमदे ताणून लहानसा तंबू उभारीत, आत तापलेले दगड ठेवीत व त्यांवर भांगेचे बी टाकीत. सायबीरियातील अल्ताई पर्वतात पाझिरिक येथील थडग्यांचे रशियन पुरातत्त्वज्ञ स्यिर्ग्येई रुडेंको यांनी उत्खनन केले. १९४७ नंतरच्या त्यांच्या उत्खननात दगडांनी भरलेली धातूची भांडी, भांगेचे करपलेले बी आणि तंबूच्या काठ्या सापडल्या. हीरॉडोटसच्या वर्णनाला त्यामुळे भक्कम पुष्टी मिळाली. चीनच्या शिंज्यांग प्रांतात, पामीरच्या पठारावरील जिर्झांकल येथील दफनभूमीत लाकडी धुपाटणी व त्यांत ठेवलेले दगड मिळाले. सु. २,५०० वर्षांपूर्वीच्या या धुपाटण्यांतील अवशेषांत मादक गुण अधिक असलेल्या भांगेच्या झाडाची द्रव्ये असल्याचे २०१९ मध्ये रासायनिक विश्लेषणाने सिद्ध झाले. या पद्धतीत दगडाचे तापमान राखण्याचा उपाय नव्हता. बी वाफाळे तसेच करपेही.

भारतीय वैद्यकात धूमपान हा दिनचर्येचा व चिकित्सेचा भाग होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधी वनस्पतींच्या वाटणापासून केलेली वर्ती व ती ओढण्याचे धूमनेत्र म्हणजे नळी यांचे नियम दिले आहेत. नळीची लांबी धूमपानाच्या प्रकारानुसार वैरेचनिकास २४, स्नैहिकास ३२ व प्रायोगिकास ३६ अंगुळे सांगितली आहे. दूरवरून, पेरांमधून अडत व नळीतून विरळ होत आलेला धूर इंद्रियांना बाधत नाही, हे त्यामागील कारणही संहितेने दिले आहे. उष्णता व धूर यांचा अपाय कमी करण्याचा विचार साधनाच्या रचनेतून मांडणारा हा प्राचीन दाखला होय. मात्र धूर थंड झाला, तरी तो धूरच राहतो, ही या उपायाची मर्यादा होती.

हुक्का : सतराव्या शतकाच्या प्रारंभी याच विचाराला हुक्क्याने नवे रूप दिले. अकबराचा वकील असद बेग याला विजापूर येथे तंबाखू प्रथम दिसली आणि १६०४ च्या सुमारास त्याने ती रत्नजडित नळीसह बादशहाला नजर केली. राजवैद्यांनी आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, म्हणून तिच्या सेवनास हरकत घेतली. पुढे जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. पण व्यसनाचा प्रसार थांबला नाही. पाण्यातून धूर नेण्याची युक्ती परंपरेने हकीम अबुल फतह गीलानी याच्या नावावर सांगितली जाते. तथापि त्याचा मृत्यू १५८९ मध्येच झालेला असल्याने ही कथा जपून स्वीकारावी लागते. दख्खनमध्ये बीदर येथील कारागिरांनी हुक्क्याच्या बैठकीवर चांदीचे जडावकाम करून त्याला कलावस्तूचे मोल मिळवून दिले.

रचनेच्या दृष्टीने हुक्का बाष्पकाच्या बराच जवळ येतो. त्यात तंबाखू सरळ पेटवीत नाहीत. तिच्यावर ठेवलेल्या निखाऱ्याची आच तिला लागते. पाण्याने धूर निवतो व त्याचा तिखटपणा कमी होतो, यावरून तो निर्मळ होतो असा समज पसरला. प्रत्यक्षात कार्बन मोनॉक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही आणि हुक्क्याच्या धुरातील या वायूचा बहुतांश भाग तंबाखूतून नव्हे, तर कोळशातून येतो. उष्णता देणाऱ्या इंधनाचे वायू श्वासमार्गात येऊ न देणे हा धडा हुक्क्याच्या इतिहासातून मिळतो. ब्यूटेन बाष्पकाची पारख करताना तोच मुख्य निकष ठरतो.

यूरोपीय श्वसनयंत्रे व उत्प्रेरकी ज्वलन : यूरोपात वाफ घेण्याची स्वतंत्र वैद्यकीय परंपरा होती. इंग्रज वैद्य जॉन मज यांनी १७७८ मध्ये खोकल्यावर वाफ घेण्यासाठी कथिलाच्या मिश्रधातूच्या पेल्याला नळी जोडून केलेले यंत्र प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी मातीची श्वसनयंत्रे घरोघरी पोहोचली. त्यांत गरम पाणी व औषध वापरीत; तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नसल्याने वाळलेल्या वनस्पतीतील जड तेले त्यांतून निघत नसत.

पुढील आवश्यक शोध निराळ्या क्षेत्रातून आले. सर हंफ्री डेव्ही यांना खाणकामगारांच्या दिव्याच्या संशोधनातून, तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर ज्वलनशील वायू व हवा यांचा संयोग ज्वालेवाचून होतो आणि तार तांबडीलाल राहते, असे आढळले. हे निरीक्षण १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८२३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ योहान डबरायनर यांनी प्लॅटिनमच्या साहाय्याने हायड्रोजन पेटविणारा दिवा तयार केला. तापमान राखण्याचे साधन असलेली द्विधातवीय पट्टी त्याआधीच अठराव्या शतकाच्या मध्यास जॉन हॅरिसन या घड्याळजीने सागरी कालमापकासाठी शोधली होती. दोन धातू उष्णतेने कमीजास्त प्रसरण पावतात व पट्टी वाकते, हे तिचे तत्त्व होय.

इंधनाचा प्रश्न विसाव्या शतकात सुटला. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० च्या पुढील वर्षांत पेट्रोलमधून निसटणारे प्रोपेन व ब्यूटेन वायू वेगळे करून द्रवरूपात साठविले. स्वयंपाकाचा गॅस म्हणून भारतात परिचित असलेले इंधन या दोन वायूंचेच मिश्रण आहे. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू -०.५° से. असल्याने तो थोड्या दाबाखाली द्रवरूपात राहतो व झडप उघडताच वायू होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तो खिशातील लायटरमध्ये, तसेच पुढे हाती धरण्याच्या डाखणी व केस कुरळे करण्याच्या उपकरणांत वापरला जाऊ लागला. डाखणीच्या टोकाशी उत्प्रेरक बसविल्याने ज्वालेवाचून स्थिर उष्णता मिळू लागली.

आधुनिक बाष्पक : १९९० च्या दशकात ॲम्स्टरडॅम येथे ईगल बिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने काचेच्या फुग्यात वनस्पती ठेवून त्याला बाहेरून लायटरची आच देण्याची पद्धत लोकप्रिय केली. याच दशकात जर्मनीत मार्कुस श्टोर्त्स यांनी गरम हवेचा झोत वनस्पतीतून नेऊन वाफ पिशवीत भरणारे, विजेवर चालणारे 'व्होल्केनो' हे यंत्र विकसित केले. टुटलिंगेन येथे २००० पासून त्याचे उत्पादन होऊ लागले. त्याची वैद्यकीय आवृत्ती २०१० मध्ये आली.

विजेचे यंत्र प्रवासात वापरणे कठीण असल्याने ब्यूटेनचा पर्याय पुढे आला. आयर्लंडमधील कार्लो येथे गॅसवर चालणाऱ्या डाखण्या बनविणाऱ्या ओग्लझ्बी अँड बटलर या कंपनीने २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस 'आयोलाइट' हा खिशात मावणारा बाष्पक बाजारात आणला. त्यात उत्प्रेरकी ज्वलनाने सु. १९०° से. हे एकच तापमान राखले जाते. २०१५ च्या सुमारास अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 'डायनाव्हॅप' हा साधा नळीवजा बाष्पक तयार झाला. त्याच्या टोपणात द्विधातवीय चकत्या असतात. टोपण बाहेरून लायटरने तापविले, की योग्य तापमानाला चकत्या उलटतात व 'टिक्' असा आवाज होतो. आच काढून घेण्याची ती खूण होय. थंड झाल्यावर पुन्हा तसाच आवाज येतो.

निवड : ब्यूटेन बाष्पकांचे तीन वर्ग पडतात. उत्प्रेरकी वर्गात इंधनाचे ज्वलन बंदिस्त कोठडीत होते व निकामी वायू बाजूच्या छिद्रांतून बाहेर जातात. दुसऱ्या वर्गात धातूची किंवा काचेची भिंत बाहेरून तापवितात व ती उष्णता आतील वनस्पतीला मिळते. तिसऱ्या वर्गात ज्वाला हवेच्या वाटेवर धरून झुरक्याबरोबर गरम हवा आत ओढतात. वाफ चटकन निघत असल्याने हा वर्ग अनेकांना पसंत पडतो. पण ज्वालेचे वायूही काही अंशी श्वासात येतात. म्हणून इंधनाचा व श्वासाचा मार्ग वेगळा असणे, तापमानाची मर्यादा यंत्रानेच पाळणे आणि तापणारे भाग काच, पोलाद किंवा टिटॅनियम यांचे असणे, हे निवडीचे निकष होत. कथिलाचे डाखकाम, मुलामा किंवा हलके प्लॅस्टिक वाफेच्या वाटेत असू नये. विजेच्या यंत्राप्रमाणे अंशाअंशाने तापमान ठरविता येत नाही, ही ब्यूटेन यंत्राची उणीव. विद्युत् घटाची गरज नसणे व दुरुस्ती सोपी असणे हे त्याचे गुण होत.

वापर : वनस्पती पुरेशी वाळलेली व जाडसर भरडलेली असावी. फार बारीक पूड जाळीतून निसटते व हवेचा मार्ग अडविते. कोठडी दाबून भरू नये. आच कोठडीच्या एकाच बिंदूवर न धरता यंत्र फिरवीत राहावे; झुरका सावकाश घ्यावा, कारण जोराच्या झुरक्याने यंत्र निवते आणि पुन्हा आच देताना मर्यादा ओलांडली जाते. वापरानंतर उरलेला चोथा तपकिरी असेल, तर बाष्पन झाले असे समजावे. तो काळा किंवा राखेसारखा असेल, तर ज्वलन झाले व साधनाचा हेतूच फसला. नळीत साचणारी राळ मद्यार्काने धुऊन काढतात. पूर्ण वाळण्यापूर्वी यंत्राला आच लावणे धोक्याचे असते. ब्यूटेन हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो. त्यामुळे टाकी भरण्याचे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करावे आणि सांडलेला वायू उडून गेल्यावरच यंत्र पेटवावे. थंड हवेत ब्यूटेनचा दाब घटतो व ज्वाला मंदावते. म्हणून शीत प्रदेशांत आयसोब्यूटेन किंवा प्रोपेन मिसळलेले इंधन वापरतात.

आरोग्यविषयक निष्कर्ष : अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात 'व्होल्केनो'च्या वाफेत मुख्यतः भांगेच्या झाडाची कार्यकारी द्रव्ये आढळली, तर त्याच वनस्पतीच्या धुरात शंभरावर अन्य संयुगे मिळाली. सॅन फ्रॅन्सिस्को येथे २००७ मध्ये १८ निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात रक्तातील औषधाचे प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखेच राहिले. मात्र बाष्पकाने उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड फारच थोडा वाढला. वेदना, मळमळ किंवा स्नायूंची आकडी यांसाठी वैद्याच्या सल्ल्याने ही वनस्पती घेणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. क्वचित सेवन करणाऱ्या १७ व्यक्तींवरील २०१८ च्या अमेरिकन प्रयोगात, समान मात्रेने धुरापेक्षा वाफेचा परिणाम अधिक तीव्र झाला. बुद्धी व हालचाली यांत अधिक दोष दिसले. धूर टळला, तरी द्रव्याची मादकता, अवलंबित्व आणि कोवळ्या वयातील मेंदूवरचे परिणाम टळत नाहीत. तसेच अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसविकाराची जी साथ उद्भवली व २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली, तिचा मुख्य संबंध तेलाच्या कुप्यांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटाशी होता. ती साथ वाळलेल्या वनस्पतीच्या बाष्पकांची नव्हती. पण वाफ म्हणजे शुद्ध हवा, ही समजूत किती फसवी आहे, हे तिने दाखविले.

कायदा : नेदर्लंड्समध्ये २००३ पासून औषधी भांग औषधालयांतून वैद्याच्या चिठ्ठीवर मिळू लागली. जर्मनीने २०१७ मध्ये तिचा वैद्यकीय वापर विस्तारला व २०२४ मध्ये प्रौढांना मर्यादित प्रमाणात बाळगण्यास मुभा दिली; कॅनडाने २०१८ मध्येच प्रौढांसाठी विक्री खुली केली होती. भारतात १९८५ च्या अंमली औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमानुसार गांजा व चरस विनापरवाना बाळगणे अथवा सेवन करणे हा गुन्हा आहे. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने व बी मात्र गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. २०१९ च्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटींचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी घातली असून त्याच्या व्याख्येत न जाळता तापविण्याच्या उत्पादनांचाही समावेश आहे. मुंबईत डिसेंबर २०१७ मध्ये उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेल्यानंतर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये हुक्कागृहांवर बंदी आणली.

वनस्पति-बाष्पकाने ज्वलन व बाष्पन यांतील भेद व्यवहारात उतरविला आणि धुराचा अपाय खरोखरच कमी केला. तथापि हे साधन वनस्पतीतील द्रव्याचे गुणदोष बदलीत नाही; ते केवळ त्या द्रव्याची वाट बदलते.